संशय परिस्थितीतला की आजारातला? स्थलांतरितांच्या सायकोसिस तपासणीत व्हीआरचं काम

ऊसतोडीच्या टोळीतला एक तरुण डॉक्टरांना सांगतो, "मुकादम माझ्यावर पाळत ठेवतोय. फोनवर माझ्याबद्दलच बोलतोय. टोळीतले बाकीचेपण त्याला सामील आहेत." गळीत हंगामात अथणी, चिकोडी, निपाणी भागातल्या दवाखान्यात असा रुग्ण येणं सहज शक्य आहे. त्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. उचल फिटण्याआधी तो पळून जाऊ नये म्हणून मुकादम खरोखरच त्याच्यावर लक्ष ठेवतो, त्याच्याबद्दल फोनवर बोलतोही. मग त्याच्या बोलण्यातला कुठला भाग परिस्थितीतून आला आणि कुठला आजारातून? डॉक्टरांना कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जाऊन बघता येत नाही. सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा मुकादम असतो, नाहीतर त्यानंच पाठवलेला कुणीतरी.

परमुलखात राहणाऱ्या माणसाचा सायकोसिस तपासताना खरी अडचण हीच येते. गेल्या वीसेक वर्षांत या अडचणीवर एक साधन पुढं आलं आहे. ते म्हणजे व्हीआर, डोळ्यांवर हेडसेट चढवून दाखवलेलं आभासी जग. त्यानं काय कळतं, काय कळत नाही, आणि बेळगाव भागात ते वापरायचं तर काय काय सांभाळावं लागेल, ते पाहू.

सायकोसिस म्हणजे नक्की काय

सायकोसिसमध्ये माणसाची वास्तवाची ओळख ढळते. कुणी नसताना आवाज ऐकू येतात. लोक आपल्या वाईटावर टपलेत अशी पक्की खात्री वाटते आणि कितीही समजावलं तरी ती हलत नाही. विचारांची संगती तुटते. स्किझोफ्रेनिया हा त्यातला एक आजार. तीव्र नैराश्य, उन्माद, गांजा, दारू एकदम बंद होणं, मेंदूचे आजार, अपस्मार यांतही सायकोसिस दिसतो. म्हणून अंगात ताप आहे का, डोक्याला मार लागलाय का, नशा काय आणि किती, थायरॉइड कसं आहे, हे आधी बघायचं. व्हीआरचा विषय त्यानंतर.

या लेखात भर आहे तो संशयावर. लोक आपल्याला मुद्दाम त्रास देताहेत, आपल्याविरुद्ध कट करताहेत ही भावना थोड्याफार प्रमाणात निरोगी माणसातही असते. आजारात ती वाढते, घट्ट होते आणि माणसाचं जगणंच आखडून टाकते. काम सुटतं, जेवणाची भीती वाटायला लागते, झोप जाते.

स्थलांतराशी याचा संबंध

नॉर्वेचे मानसोपचार तज्ज्ञ ओडेगोर्ड यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशातल्या नॉर्वेजियनांच्या मानानं त्यांच्यात स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. त्यांचा तर्क असा होता की मुळात आजाराकडं कल असलेली माणसंच देश सोडून जात असावीत.

हा तर्क पुढं टिकला नाही. कँटर-ग्रे आणि सेल्टन यांनी २००५ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले. स्वतः स्थलांतर केलेल्यांमध्ये धोका सुमारे २.७ पट आढळला आणि त्यांच्या मुलांमध्ये सुमारे ४.५ पट. मुलांनी तर कुठलाच प्रवास केलेला नसतो, ती तिथंच जन्मलेली असतात. म्हणजे कारण प्रवासात किंवा प्रवाशाच्या रक्तात शोधून भागत नाही. नव्या समाजात तुम्हाला कुठली पायरी मिळते, रोज किती वेळा 'तू आमच्यातला नाहीस' हे कळवलं जातं, यात ते शोधावं लागतं. सेल्टन आणि कँटर-ग्रे याला सामाजिक पराभव म्हणतात. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या अभ्यासानं याला आणखी जोर दिला. ज्या वस्तीत आपल्या समाजाची माणसं कमी, तिथं राहणाऱ्या स्थलांतरितांमध्ये आजार जास्त. आपल्या माणसांत राहणाऱ्यांमध्ये धोका बराच उतरलेला.

इथं बेळगाव भागापुरतं एक स्पष्ट करायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस स्थलांतरित नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची हद्द बदलली, माणसं होती तिथंच राहिली. युरोपातले आकडे उचलून त्याला चिकटवणं चूक ठरेल. पण याच भागात खरोखरचे स्थलांतरितही भरपूर आहेत. हंगामाला बीडकडून आणि विजयपूरकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला आलेले परप्रांतीय, आणि इथून चोर्ला घाट उतरून गोव्याच्या हॉटेलांत कामाला जाणारी खानापूरकडची पोरं. यातला कुणी आजारी पडला तर त्याची भाषा एक, डॉक्टरांची दुसरी आणि केसपेपरची तिसरी.

व्हीआरचं तर्कशास्त्र

लंडनमध्ये डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या सगळ्याचा पाया समजावून सांगतो. सर्वसामान्य लोकांतून २०० जण निवडले. त्यांना हेडसेट घालून भुयारी रेल्वेच्या डब्यातून काही मिनिटांचा आभासी प्रवास घडवला. डब्यातले प्रवासी संगणकानं बनवलेले, मुद्दाम अगदी तटस्थ वागणारे. तरी काहींना ते प्रवासी प्रेमळ वाटले, पुष्कळांना कसलेच वाटले नाहीत आणि बऱ्याच जणांना ते आपल्यावर डूख धरून आहेत असं वाटलं. सगळ्यांनी एकच डबा बघितला होता. संगणकाच्या माणसाच्या मनात हेतू नसतो, त्यामुळं जो संशय उठला तो बघणाऱ्याकडून आला, हे निश्चित म्हणता येतं. खऱ्या बसमध्ये हे कधीच म्हणता येणार नाही. तिथं शेजारचा माणूस खरंच तुच्छतेनं बघत असू शकतो.

नेदरलँड्समध्ये विम व्हेलिंग यांच्या गटानं पुढचं पाऊल टाकलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नुकताच सायकोसिस सुरू झालेले ५५ रुग्ण, सायकोसिस होण्याच्या अति धोक्याच्या टप्प्यावरचे २० जण, रुग्णांची ४२ भावंडं आणि ५३ निरोगी माणसं होती. प्रत्येक जण एका आभासी बारमध्ये पाच वेळा गेला. दर वेळी तीन गोष्टी कमी-जास्त केल्या होत्या. गर्दी किती, भोवतालची माणसं आपल्या वंशाची की दुसऱ्या, आणि त्यांच्या नजरा साध्या की रोखलेल्या. कानाच्या तपासणीत आवाज एकेक पायरीनं वाढवतात, तसा इथं सामाजिक ताण वाढवला. ताण वाढला तसा सगळ्यांमध्येच संशय आणि अस्वस्थता वाढली, अगदी निरोगी माणसांमध्येही. पण सायकोसिसकडं ज्यांचा कल जास्त, त्यांच्यात ती जास्त वाढली.

आमच्या मते या तंत्राचं सगळं मोल या पायऱ्यांत आहे. एका प्रसंगातला एक आकडा फारसं काही सांगत नाही. ताण नसताना संशय किती, आणि ताणाची एकेक पायरी चढताना तो किती चढतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात.

बेळगावची बस बांधायची तर

डच बार इथं कामाचा नाही. ज्या जागेत माणूस आयुष्यात कधी गेला नाही, तिथं त्याला बसवून मोजलं तर नवखेपणाच मोजला जातो. आमची निवड वायव्य कर्नाटक परिवहनची साधी बस. ऊसतोड्या, कारखान्यातला कामगार, गोव्याहून परतलेला पोरगा, सगळेच त्या बसमध्ये बसलेले असतात.

पहिल्या प्रसंगात बस अर्धी रिकामी, सगळे खिडकीबाहेर किंवा मोबाइलमध्ये बघताहेत. दुसऱ्यात बस भरलेली, लोक उभे आहेत, पण लक्ष कुणाचंच नाही. तिसऱ्यात प्रवाशांचा पेहराव आणि बोली रुग्णाच्या समाजाची नाही. चौथ्यात पुन्हा साधीच गर्दी, पण रुग्णानं मान वळवली की दोघं-तिघं क्षणभर त्याच्याकडं बघतात. पाचव्यात हे सगळं एकत्र. प्रत्येक प्रसंग चारेक मिनिटांचा पुरे. क्रम प्रत्येक रुग्णासाठी बदलायचा, नाहीतर पहिल्या प्रसंगाची नवलाई आणि शेवटच्याचा कंटाळा आकड्यांत मिसळतो. फक्त सगळ्यांत जड प्रसंग सुरुवातीला येऊ द्यायचा नाही.

बांधताना बारीकसारीक गोष्टी निसटतात आणि त्याच घात करतात. बसची पाटी घ्या. ती कन्नडमध्ये असणार, आणि बीडच्या माणसाला ती वाचता येणार नाही. बस कुठं चाललीय हेच कळत नसेल तर तो तिथंच बिचकतो, आणि आपण समजतो प्रवाशांना घाबरला. म्हणून चढतानाच त्याच्या भाषेत सांगायचं, 'ही बस बेळगावला चाललीय.' प्रवाशांची कुजबुजही तशीच. शब्द कळणार नाहीत इतपत ती धूसर ठेवावी. न कळणाऱ्या भाषेत शेजारी हसत-बोलत असले की निरोगी माणसाच्याही मनात पाल चुकचुकते. तो परिणाम मोजायचाच असेल तर तिसऱ्या प्रसंगात उघडपणे ठेवावा, चोरपावलांनी सगळीकडं पसरू देऊ नये.

चेहरे तयार संग्रहातून घेतले तर ते परदेशी निघतात. लुगडं, टोपी, धोतर, बुरखा, कॉलेजच्या पोरांच्या सॅका, सगळं इथलं हवं. आणि यात कसलीही तडजोड चालणार नाही अशी एक अट आहे: रोखून बघणारी पात्रं एकाच भाषेची, धर्माची किंवा जातीची दाखवायची नाहीत. सीमाभागात ही चूक तपासणीच्या खोलीबाहेरही महागात पडेल. शिवाय तपासणी म्हणूनही ती फसते, कारण संशय नजरेमुळं आला की पेहरावामुळं हे मग सांगताच येत नाही.

तपासणी कशी चालते

सुरुवात संमतीपासून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार माहिती रुग्णाला कळेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते. काय दिसेल, किती वेळ दिसेल, नजर आणि नाडी नोंदली जाईल, कुठल्याही क्षणी हेडसेट काढता येईल, आणि नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत, हे सगळं आधी सांगायचं. नोंदीची गोष्ट लपवली तर संशयी रुग्णाला नंतर ती कळते, आणि त्याचा विश्वास कायमचा जातो. दुभाषा लागला तर नातेवाईक किंवा मुकादम चालत नाही, बाहेरचा माणूस हवा.

तीव्र अवस्थेतल्या, गोंधळलेल्या, जिवाचं बरंवाईट करण्याचे आदेश ऐकू येणाऱ्या रुग्णाला हेडसेट घालायचाच नाही. अपस्मार किंवा भोवळीचा त्रास असणाऱ्यालाही नाही.

मग बसवणं. हेडसेट साधारण अर्धा किलोचा. मोठ्या माणसांत दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण माणसागणिक बदलतं. ते मोजून भिंगं सरकवली नाहीत तर चित्र फाटल्यासारखं दिसतं आणि दोन मिनिटांत डोकं दुखायला लागतं. चष्मा असेल तर मधली कड लावायची. अंबाडा आणि गजरा पट्ट्याखाली येऊ द्यायचा नाही. सेकंदाला ७२ किंवा ९० चित्रं सलग आली पाहिजेत. संगणक कमजोर असला की चित्र अडखळतं आणि मळमळतं. रुग्णाला न फिरणाऱ्या खुर्चीवर बसवावं. आभासी बसमध्ये तो बसलेलाच असतो, त्यामुळं शरीर आणि डोळे यांची फारकत कमी होते. बस थांब्यावर उभी असलेली दाखवली तर त्याहून बरं.

मळमळीकडं एवढं लक्ष का, तर घाम, धडधड, पोटात ढवळणं ही हेडसेटच्या त्रासाची लक्षणं आणि भीतीची लक्षणं एकच आहेत. यासाठी १६ लक्षणांची एक ठरलेली प्रश्नावली आहे. ती आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्यायची. निपाणी भागात आणखी एक गोष्ट विचारायची, ती तंबाखूची. विडी ओढून किंवा तंबाखूचा बार भरून आलेल्या माणसाची नाडी निकोटिननं आधीच वाढलेली असते. आजारावरच्या काही औषधांनी पाय सारखे हलत राहतात. त्याला घाबरल्याची हालचाल समजू नये.

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं रिकाम्या खोलीचा देखावा दाखवायचा, म्हणजे हात कुठं, बघायचं कसं, हे उमगतं. मग प्रसंग. प्रत्येक प्रसंगात त्याची नजर कुठं किती वेळ थांबली, तो कुठल्या बाजूला झुकला, नाडी कशी चालली, हे यंत्र टिपतं. प्रसंग संपला की 'शून्य म्हणजे निवांत आणि शंभर म्हणजे सहनच होत नाही' अशा मापावर अस्वस्थता विचारायची आणि संशयाची प्रश्नावली घ्यायची. फ्रीमन यांच्या गटानं बनवलेल्या प्रश्नावलीत २० वाक्यं आहेत. त्यातली १० संशयाची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज १० ते ५० मध्ये येते. मराठी वाक्यं पुस्तकी असली की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही अडखळतात. ती खानापूर, चिकोडी, विजयपूरकडच्या माणसांना वाचून दाखवून त्यांनी काय अर्थ घेतला ते तपासावं लागतं. वाचता न येणाऱ्याला सगळं वाचून दाखवायचं, आणि वाचणाऱ्याचा सूर सपाट हवा.

प्रश्नावलीच्या आधी मात्र मोकळा प्रश्न. 'कुणी तुम्हाला मारणार होतं का?' असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं. त्याऐवजी, "बसमध्ये काय काय झालं, सांगा बघू." समजा गोव्याहून परतलेला खानापूरचा पोरगा म्हणतो, "मागचा तो टोपीवाला माझ्याकडंच बघूलालाय."

"बघून त्याला काय करायचं होतं, असं वाटलं?"

एक उत्तर असं येऊ शकतं: "काय की. नवा माणूस म्हणून बघत असंल."

दुसरं असं: "हॉटेलच्या मालकानं पाठवलाय त्याला. गोव्यापासनं मागं हाय."

दोन्ही वेळा नजर तितकीच थांबली असेल, नाडीही तितकीच वाढली असेल. यंत्राला दोघं सारखेच. फरक दुसऱ्या प्रश्नानं कळतो, आणि तो प्रश्न त्याच्या बोलीत विचारणारं माणूस समोर लागतं.

शेवटी पंधरा-वीस मिनिटं गप्पा. ती माणसं संगणकाची होती, त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, हे पुन्हा सांगायचं. क्वचित एखादा हेडसेटलाच आपल्या भ्रमात ओढून घेतो, 'डोळ्यांतून माझे विचार काढून घेतले' म्हणतो. तसं काही वाटतंय का, हे सरळ विचारावं आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. चक्कर पूर्ण उतरेपर्यंत मोटारसायकलला हात लावू द्यायचा नाही.

आकडे वाचताना

समजा एका रुग्णाचे पाच प्रसंगांतले संशयाचे गुण १२, १४, १७, २४, ३१ आले आणि दुसऱ्याचे २९, ३०, २९, ३२, ३१. दुसऱ्याला रिकाम्या बसमध्येही कट दिसतो. बाहेरच्या ताणानं त्यात फारशी भर पडत नाही, त्याचा संशय आतून चालतोय. पहिला तटस्थ प्रसंगात शांत आहे आणि नजरा रोखल्या गेल्या की उसळतो. त्याला लगेच निरोगी ठरवू नये. रोज अपमान सोसलेला माणूसही असाच चढतो आणि आजाराच्या उंबरठ्यावरचाही. दोघांत फरक करायला पूर्वीची हकिगत लागते.

सगळ्यांत फसवा तिसरा रुग्ण. त्याचे गुण पाचही वेळा ११-१२, आणि तरी तो गंभीर आजारी असू शकतो. त्याचा भ्रम एकाच माणसाभोवती बांधलेला असेल तर अनोळखी प्रवाशांत तो जागा होणार नाही. किंवा त्याला आपण बसमध्ये आहोत असं वाटलंच नसेल, सगळा खेळ वाटला असेल. किंवा तो मनातलं सांगत नसेल. म्हणून व्हीआरमध्ये संशय दिसला नाही या आधारावर कुणालाही 'काही झालं नाही' म्हणून परत पाठवणं धोक्याचं आहे. हे यंत्र निदान करत नाही, निदान करणाऱ्याच्या हातात एक पुरावा ठेवतं.

बाकीचे पुरावे बोलण्यातून मिळतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. त्रासाला तुमच्याकडं काय म्हणतात, कशामुळं झालं असं वाटतं, आधी कुणाकडं गेलात, असे ते प्रश्न. इथं उत्तरात करणी येईल, भानामती येईल, सौंदत्तीच्या यल्लमाचं नाव येईल. देवी अंगात येते असं कुणी मानतो, तेवढ्यावरून आजार ठरवणं चुकीचं. घरच्यांना आणि गावच्यांनाही ते नेहमीसारखंच वाटतंय का? की त्यांनाच 'हा असा कधी नव्हता' वाटतंय, झोप गेलीय, आंघोळ सुटलीय, काम बंद पडलंय? कुटुंबाची साक्ष इथं लाखमोलाची असते, आणि स्थलांतरिताच्या बाबतीत ती फोनवरून का होईना, मिळवावीच लागते.

असाच देखावा उपचारालाही कामी येतो. नेदरलँड्समध्ये ११६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १६ सत्रांत अशा आभासी ठिकाणी थेरपिस्टबरोबर सराव दिला. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रुग्णांचा संशय आणि लोकांत असतानाची भीती कमी झालेली दिसली.

आज घरात असा कुणी असेल तर हेडसेटची वाट बघायची नाही. उपचारावाचून जितके महिने जातात तितकं बरं होणं अवघड होतं. बेळगावला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, भाषा निवडता येते. जाताना एका कागदावर लिहून न्या: माणूस कधीपासून बदलला, त्याआधी कुठं आणि कुणाबरोबर राहत होता, कुठल्या भाषा नीट कळतात, झोप किती, नशा काय, आणि तिथं त्याला खरोखर कुणाचं देणं, धमकी किंवा मारहाण होती का. गोव्यात किंवा पुण्यात आधी उपचार झाले असतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटंही टाकून देऊ नका. त्यावरून कुठलं औषध, किती ताकदीचं चालू होतं ते डॉक्टरांना कळतं.